निनावी माणूस आणि त्याची सही



या व्यासपीठावर येण्याचे निमंत्रण आले तेव्हा चालकांनी आमचा विषय विचारला. आम्ही सांगितले, "अस्तित्ववादी आणि वसाहतविरोधी वाङ्मय वाचताना आपल्या माणसांना काय वाटते." चालक क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही किमान वेतनावर बोलाल अशी आमची समजूत होती." श्रोतेहो, किमान वेतनावर आम्ही वर्षाचे तीनशे दिवस बोलतो. एक दिवस पुस्तकांवर बोलण्याची मुभा आपण द्यावी. शिवाय पुढे पुढे आपल्या ध्यानात येईल की आम्ही किमान वेतनापासून फार लांब गेलेलो नाही.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे शिक्षण रद्दीच्या दुकानांत, सार्वजनिक वाचनालयांत आणि रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत झाले. इंग्रजी आम्ही कोश मांडीवर घेऊन वाचतो. एका पानाला एक संध्याकाळ लागली तरी घाई करीत नाही. तेव्हा प्राध्यापक मंडळींनी या विषयावर जे विवेचन करावे ते आमच्याकडून होणार नाही. आम्ही आपणांस एवढेच सांगणार आहोत की आपल्या गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून काम करणाऱ्या माणसांपुढे ही पुस्तके ठेवली तेव्हा ती माणसे काय म्हणाली.

गोखिवरे हे काही साहित्यिकांचे गाव म्हणून प्रसिद्ध नाही. एका अंगाला तुंगारेश्वराचा डोंगर, दुसऱ्या अंगाला रेल्वेचे रूळ, मध्ये तलाव, आणि जिकडे पाहावे तिकडे औद्योगिक गाळे. कोकणातून आलेला फिटर, उत्तर प्रदेशातून आलेला वेल्डर, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पॅकिंगच्या कामाला येणाऱ्या बाया, आणि मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावर इकडे खोली घेतलेला एखादा म्हातारा गिरणी कामगार, अशी आमची मंडळी. रविवारी संध्याकाळी युनियनच्या खोलीत दहापंधराजण जमतात. कोणी एक वाचतो, बाकीचे ऐकतात. पुस्तक परभाषेतले असले तर आम्ही आदल्या दिवशी वाचून गोष्ट मराठीत सांगतो, आणि अडले तिथे हिंदीत.

आता 'अस्तित्ववाद' हा शब्द. शब्द मोठा आहे, पण त्यातला विचार चहा पिता पिता सांगण्यासारखा आहे. सुरी करणाऱ्याच्या मनात सुरी कशासाठी हे आधी ठरलेले असते आणि मग सुरी होते. माणसाचे तसे नाही. माणूस आधी जगात येतो, आणि आपण कोण हे आपल्या करणीने पुढे ठरवतो. जे करतो ते तो आहे. 'परिस्थितीने मला असे केले' ही सबब त्याला शेवटपर्यंत पुरत नाही. ज्याँ-पॉल सार्त्र याने हा विचार २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधल्या एका जाहीर व्याख्यानात मांडला आणि पुढल्या वर्षी त्याचे पुस्तक झाले. म्हणजे ज्या पुस्तकाने हा वाद जगभर पोचवला, तेही मुळात आपल्या आजच्यासारखेच गावकऱ्यांसमोर केलेले भाषण! ही तारीख आपण लक्षात ठेवावी. आम्हांला तिच्याकडे परत यायचे आहे.

त्या व्याख्यानात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली आहे. देश जर्मनांच्या ताब्यात. थोरला भाऊ लढाईत पडलेला. घरी आई एकटी, तिचा सारा जीव या मुलात. मुलाला देशासाठी लढायला जायचे आहे. आईजवळ राहावे की जावे? तो गुरुजींना विचारतो. गुरुजी म्हणतात, तू मोकळा आहेस, तूच ठरव. ही हकीकत सांगितल्यावर आमच्या खोलीत कोणी चकार शब्द काढला नाही. मग एक प्रेस ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, हा तर आमचा संप आहे. घरी आई आजारी आणि इकडे संपाची नोटीस. गुरुजी सुटले, पोरगा अडकला." टीका म्हणून आम्हांला ही पुरेशी वाटते. सार्त्र चुकला असे त्याने म्हटले नाही. निवड करणाऱ्याच्या गळ्याशी आलेला तात आणि ती शिकवणाऱ्याचा निवांतपणा यांतला फरक त्याने दाखवला.

यानंतर आम्ही आल्बेर कामू घेतला. त्याची 'परका' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी १९४२ साली निघाली. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात. तिथे कारकुनी करणारा मेर्सो नावाचा एक फ्रेंच तरुण. वृद्धाश्रमात आई वारल्याची तार येते. तो जातो, पण रडत नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रावर पोहतो, एका मुलीबरोबर विनोदी सिनेमा पाहतो. पुढे समुद्रकिनाऱ्यावर, भर उन्हात, त्याच्या हातून एका अरबाचा गोळी घालून खून होतो. खटला चालतो. पण न्यायालयात सारी चर्चा खुनापेक्षा आईच्या प्रेतापाशी हा रडला का नाही, सिगारेट का ओढली, दुधाची कॉफी का प्याला, यावर होते, आणि त्याला देहान्ताची शिक्षा सुनावली जाते.

विद्वानांनी या कादंबरीवर पुष्कळ लिहिले आहे. आमच्या मंडळींनी मात्र बोट ठेवले ते अगदी आरंभीच्या एका प्रसंगावर. आई वारली म्हणून मेर्सो साहेबाकडे दोन दिवसांची रजा मागतो. रजा नाकारता येत नाही, पण साहेबाची नाराजी दिसते. तेव्हा यात आपला काही दोष नाही असे मेर्सो सांगून टाकतो. एवढे ऐकले मात्र, खोलीत हशा पिकला, आणि तो हसता हसता विरला. कारण प्रत्येकाला आपापली रजा आठवली. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माणसाला सुतकाची भरपगारी रजा कुठली? एक बाई म्हणाली, "सासू गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी कामावर आले. मुकादम म्हणाला, एवढ्यात रडून झालं का?" दुसरा एक रात्रपाळीवाला म्हणाला, "तो परका वगैरे काही नाही. तो दमलेला आहे. दमलेल्या माणसाला रडू उशिरा येतं." ज्याला पंडित विश्वाविषयीची उदासीनता म्हणतात, त्यात या गृहस्थाला थकवा दिसला. दोन्ही खरे असू शकेल. पण थकव्याचा विचार ज्याच्या वाट्याला थकवा आला त्यालाच सुचतो. ज्याचे जळते त्याला कळते.

कामूचेच त्या वर्षातले दुसरे पुस्तक सिसिफसवर आहे. देवांनी त्या ग्रीक राजाला शिक्षा दिली की एक प्रचंड शिळा डोंगरमाथ्यावर ढकलत न्यायची; ती माथ्यावरून पुन्हा खाली येणार, आणि याने पुन्हा ढकलायची, अनंत काळ. रोज तेच काम करणाऱ्या आजच्या कामगाराचे नशीब याहून कमी निरर्थक नाही, असे कामूने स्वतःच म्हटले आहे, आणि तरीही हा सिसिफस सुखी आहे अशी कल्पना करावी, असे तो सांगतो. आमच्या एका सभासदाने यावर आक्षेप घेतला. "भाऊ, जगण्याला अर्थ नाही असं सांगणारं पुस्तक दिवसभर पावर प्रेसचा पेडल मारणाऱ्या माणसाला का ऐकवता? तो आधीच खचलेला." प्रश्न गंभीर होता. आम्ही उत्तर देण्यापूर्वीच पलीकडून म्हातारे गिरणी कामगार बोलले, "खचत नाही तो. पण मला सांगा, ती शिळा कोणाची? डोंगर कोणाच्या मालकीचा? आणि ढकलायला हा एकटाच का?" दुसरा म्हणाला, "सुखी माना हवं तर, पण रोज किती ते आधी ठरवा."

श्रोतेहो, हे विनोद म्हणून सोडून देऊ नका. जिथे कामूचा विचार थांबतो तिथून म्हाताऱ्यांचा प्रश्न सुरू होतो. काही ओझी मनुष्यजन्माबरोबर येतात: मरण, वियोग, एकटेपण. त्यांना कोणतीही संघटना उतारा देऊ शकत नाही; तिथे कामूसारखा सोबती लागतो. आणि काही ओझी माणसांनीच माणसांच्या पाठीवर दिलेली असतात. ती दैव म्हणून वाहू नयेत. कोणते ओझे कोणत्या जातीचे हे ओळखता येणे, यालाच आम्ही शहाणपण म्हणतो.

'परका' कादंबरीविषयी सर्वांत मोठा प्रश्न मात्र पाड्यावरून येणाऱ्या एका तरुण मुलीने विचारला. गोष्ट संपली, चहा आला, आणि ती म्हणाली, "जो मेला त्याचं नाव काय?" आम्ही पुस्तक चाळले. नाव नाही. मारणाऱ्याचे आहे, त्याच्या मैत्रिणीचे आहे, शेजाऱ्यांचे आहे. मेला तो नुसता 'अरब'. त्याची आई कोण, तो काम काय करीत होता, त्याच्या प्रेतापाशी कोण रडले, एक ओळ नाही. आई वारली तर रडला का नाही म्हणून एवढा मोठा खटला, आणि या दुसऱ्या आईचा मुलगा गेला त्याची न्यायालयाला जेमतेम दखल!

हा कामू कोणी जमीनदाराचा मुलगा नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. बाप द्राक्षमळ्यात नोकरीस होता, तो १९१४ साली महायुद्धात गेला. आई निरक्षर, कानांनी अधू. लोकांच्या घरची साफसफाई करून तिने मुले वाढवली. अल्जीअर्सच्या कामगार वस्तीत हा वाढला. १९३९ साली वार्ताहर म्हणून काबिलियाच्या डोंगरी मुलखातली उपासमार त्याने वृत्तपत्रातून वेशीवर टांगली. १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर त्याने आईनंतर आठवण केली ती प्राथमिक शाळेतल्या आपल्या गुरुजींची. असा हा आपल्यातला माणूस. तरीही त्याच्या कादंबरीत मेलेल्या अरबाला नाव मिळाले नाही. यावरून आम्ही कामूला फासावर चढवीत नाही. शिकायचे ते एवढेच की स्वतः कष्टात वाढला म्हणून माणसाची नजर आपोआप स्वच्छ होत नाही. राज्यकर्त्यांनी आखलेली रेघ भल्या माणसाच्या डोळ्यांतूनही जाते.

त्या निनावी अरबाला नाव मिळायला एकाहत्तर वर्षे लागली. २०१३ साली कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने एक कादंबरी लिहिली. तिच्यात त्या मेलेल्या माणसाचा भाऊ हारून बोलतो, आणि सांगतो की माझ्या भावाचे नाव मुसा होते. वाचकाचा प्रतिसाद कुठवर जाऊ शकतो याचा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही. पुस्तक वाचले, त्यात आपले माणूस निनावी पडलेले दिसले, आणि वाचणाऱ्याने दुसरे पुस्तक लिहून त्याला नाव दिले. आमच्या पाड्यावरच्या मुलीने कामेल दाऊदचे नाव ऐकलेले नव्हते. प्रश्न मात्र तिने तोच विचारला.

येथून आपण आपोआप वसाहतविरोधी वाङ्मयाकडे आलो. फ्रान्झ फॅनन हा मार्टिनिक बेटावरचा कृष्णवर्णी डॉक्टर. १९५३ ते १९५६ या काळात तो अल्जीरियात ब्लिदा येथील मनोरुग्णालयात होता. पुढे राजीनामा देऊन स्वातंत्र्यलढ्यात गेला. धरतीवरच्या शापितांविषयीचे त्याचे पुस्तक १९६१ साली निघाले, त्याला प्रस्तावना सार्त्रची. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. तेरा दिवसांनी, १९ डिसेंबरला, आपल्या गोव्यातली साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण काळ एक होता, वारे एक होते.

फॅनन सांगतो, वसाहतीतले शहर दोन शहरांचे असते. गोऱ्यांचे शहर भक्कम, उजेडाचे, डांबरी रस्त्यांचे. एतद्देशीयांचे शहर दाटीवाटीचे, भुकेले. हे वाचले तेव्हा एकाने पटकन विचारले, "म्हणजे रुळांच्या पश्चिमेला आणि पूर्वेला?" सगळे हसले. मग त्याच पुस्तकातले दुसरे प्रकरण घेतले. त्यात फॅनन इशारा देतो की परका राज्यकर्ता गेल्यावर देशातलाच धनिक वर्ग त्याच्या जागी बसेल आणि त्यालाच स्वातंत्र्य म्हणेल. हे प्रकरण समजावून सांगण्याची आम्हांला जरूर पडली नाही. ज्याला ठेकेदार दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा नवा म्हणून लावून घेतो, त्याला 'खुर्ची तीच, बसणारा बदलला' हे फॅननपेक्षा चांगले माहीत असते.

हिंसेच्या प्रकरणावर मात्र मोठा वाद झाला. तरुण पोरांना ते प्रकरण भारी आवडले. त्यांना गिरणी कामगारांनी थोपवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप त्यांनी अंगावर काढलेला. अडीच लाखांच्या आसपास माणसे त्यात उतरली होती. ते म्हणाले, "हात उगारायला क्षण लागतो रे. त्यानंतर घर सावरायला किती वर्षे लागतात ते या पुस्तकात आहे का?" आहे, श्रोतेहो, शेवटच्या प्रकरणात आहे. तिथे फॅननने आपल्या रुग्णांच्या हकीकती दिल्या आहेत. त्यांत एक युरोपियन पोलिस अधिकारी आहे. दिवसभर कोठडीत कैद्यांचा छळ करायचा आणि घरी जाऊन बायकोला, मुलांना मारायचे. तो डॉक्टरकडे येतो ते ही नोकरी सोडावी म्हणून नव्हे; मन न खाता छळ करता यावा म्हणून औषध मागायला! हे ऐकून आमच्यात बसणारे एक निवृत्त मुकादम बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दिवसभर शिव्या देणारं तोंड घरी जाऊन गोड होत नाही." फॅननने ग्रंथ लिहून जे सांगितले, ते या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितले, आणि त्यासाठी त्यांना अल्जीरियाला जावे लागले नाही.

आणखी एक प्रतिसाद सांगतो, कारण आपण वसईत बसलो आहोत. परकी सत्ता आपल्याला पुस्तकात वाचावी लागत नाही. किल्ला समोर उभा आहे. १५३४ ते १७३९, दोनशे पाच वर्षे इथे पोर्तुगीज होते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. इथल्या चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या आणि भीमाशंकरच्या देवळांत त्या आजही आहेत. हा विषय निघाला तेव्हा एक ख्रिस्ती बांधव शांतपणे म्हणाले, "आमची श्रद्धा त्या राज्याबरोबर आली हे खरे. पण आमची वाडी, आमचा केळीचा मळा, आमची सामवेदी बोली इथलीच आहे. पुस्तक वाचताना मी कोणाच्या बाजूला बसू?" त्यांना उत्तर द्यायची घाई कोणी केली नाही. आम्हांला वाटते, बाजू ठरते ती आज कोणाच्या पाठीवर ओझे आहे यावरून, पणजोबांच्या देवावरून नव्हे. इंग्रजांच्या राज्यात ज्योतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या लोकांना. फॅननच्या आधी अठ्ठ्याऐंशी वर्षे! परक्याची गुलामी दिसणे सोपे. घरातली गुलामी पाहायला फार धीर लागतो, तो धीर महात्म्याने दाखवला.

मराठीतल्या पुस्तकांवर मंडळी अधिक मोकळी बोलली. १९६३ या एकाच वर्षी दोन पुस्तके निघाली. एक भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला', दुसरा बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, तिथे कशातच त्याचे मन लागत नाही, आणि तो गावी परततो. आमच्या फिटरने आरंभीच ताशेरा झाडला, "बापाच्या पैशावर उदास व्हायला काय जातं?" पण पुढे पांडुरंगची धाकटी बहीण मनी जाते, तो भाग वाचला त्या रविवारी हाच फिटर बोलला नाही, दिवा लावायला म्हणून उठला आणि बाहेरच उभा राहिला. दुःखाला पगारपत्रक लागत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

बागुलांच्या कथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो. परमुलखात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून आपली जात लपवतो, आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. इथे 'मी कोण' हा अस्तित्ववाद्यांचाच प्रश्न आहे. फरक असा की पांडुरंगला या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, आणि या तरुणाला उत्तर पक्के ठाऊक आहे, पण ते उच्चारले तर खोली जाईल. कथा संपली तेव्हा सीएनसी मशीन चालवणारा एक मुलगा म्हणाला, "भाऊ, खोली बघायला जातो तेव्हा मी अजून नुसतं पहिलं नाव सांगतो." कथेला साठ वर्षे होऊन गेली, श्रोतेहो. फ्रेंच मेर्सोला खोटे बोलणे जमत नाही म्हणून त्याचे कौतुक होते. खरे बोलण्याची चैन ज्याला परवडत नाही त्याचे काय, हे बागुलांनी विचारले.

आता आम्ही त्या ऑक्टोबर १९४५ कडे येतो. आपल्या महामार्गाने उत्तरेला गेले की तलासरी लागते. २०१४ पासून आपला पालघर जिल्हा झाला. तेव्हा तो सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. तिथला वारली लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई आणि त्यापायी नवराबायको दोघेही जन्माचे बांधले जात. त्याला 'लग्नगडी' म्हणत. वेठ तर होतीच. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो आदिवासी जमले आणि त्यांनी ठरवले: वेठ करणार नाही, रोज बारा आणे रोख घेतल्याशिवाय मालकाच्या शेतावर राबणार नाही. पुढे गवतकापणीचा दर मागितला, पाचशे पौंडांना अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाचजण पडले. त्यांतल्या एकाचे नाव जेठ्या गांगड.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी पॅरिसमध्ये सार्त्र बोलायला उभा राहिला की माणूस आपल्या निवडीने घडतो. त्याला तलवाडा ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि तलवाड्याला सार्त्र. पण पिढ्यान् पिढ्या मान खाली घातलेला माणूस ज्या सकाळी 'आज वेठीला येत नाही' म्हणून दारात उभा राहिला, त्या सकाळी त्याने तेच केले जे सार्त्रने पुढे शब्दांत सांगितले. त्या लढ्यात असलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या गोदावरी परुळेकरांनी १९७० साली हे सारे लिहिले. पुस्तकाचे नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. नावातला शब्द पाहा. 'आदिवासी' नाही, 'शेतमजूर' नाही; 'माणूस'. आमच्या मते मराठीतले अस्तित्ववादी आणि वसाहतविरोधी पुस्तक एकाच बांधणीत हवे असेल तर ते हे आहे. ज्या मुलीने निनावी अरबाचे नाव विचारले होते, ती हे पुस्तक ऐकताना माणसांची नावे वहीत उतरून घेत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "हे बाईंनी लिहिलं. आमच्यातल्या कोणी लिहिलं तर अजून नावं निघतील." परुळेकरबाईंना हे ऐकून आनंदच झाला असता, असे आम्हांला वाटते.

श्रोतेहो, या सर्व वाचनातून आम्हांला काय गवसले ते सांगून थांबतो. अस्तित्ववादी म्हणतो, निवड तुझी एकट्याची. वसाहतविरोधी लेखक म्हणतो, बेडी सर्वांची, तुटेल तर सर्वांनी मिळून. पंडितांनी यांत भांडण लावले आहे. युनियनच्या खोलीत हे भांडण टिकत नाही. १९२६ च्या कायद्याने संघटना नोंदवायला निदान सात सभासदांच्या सह्या मागितल्या होत्या. तो अर्ज टेबलावर ठेवला आणि पेन फिरू लागले की पाहावे. प्रत्येकापाशी पेन येते तेव्हा तो अगदी एकटा असतो. आई आजारी असते, मुलाची फी थकलेली असते, उद्या गेटवर अडवतील हे दिसत असते. त्या वेळी शेजारी बसलेला त्याच्या हाताने सही करू शकत नाही, पुढारी तर नाहीच नाही. इथे सार्त्र खरा. पण त्याने सही केली की कागदावर त्याच्या नावाखाली दुसरे नाव येते, मग तिसरे. ठेकेदाराच्या दप्तरी जो नुसता आकडा होता त्याला नाव मिळते, आणि त्या नावाला शेजार मिळतो. इथे फॅनन खरा, झरी खरी.

तेव्हा आमचे मागणे थोडे आहे. पुस्तक कुठलेही वाचा, पॅरिसचे वाचा, अल्जीअर्सचे वाचा. 'मोठ्या लोकांनी मोठे म्हटले' म्हणून मान डोलावू नका. आपल्या रजेवरून, आपल्या खोलीवरून, आपल्या थकव्यावरून त्याला उत्तर द्या. आणि दर पुस्तकात एक गोष्ट शोधा: इथे नाव कोणाला नाही? तीच सवय मग वर्तमानपत्र वाचताना लागेल. गाळ्याला आग लागली की 'तीन मजूर दगावले' असे छापून येते. तेव्हा विचारा, त्यांची नावे काय? आपल्या दारात भाजी आणणाऱ्याला, रस्ता झाडणाऱ्या बाईला, ज्याला सारे गाव 'भैया' म्हणून हाक मारते त्याला एकदा नाव विचारा. नाव विचारल्याने त्याचा रोज वाढणार नाही हे आम्हांला ठाऊक आहे. रोज वाढवायचा तर लढावेच लागते. पण ज्याचे नाव आपल्याला माहीत नाही, त्याच्या शेजारी आपण सही करीत नाही, असा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

वाचनालयाच्या चालकांना एक विनंती. गाळे सुटतात रात्री आठला आणि वाचनालयाचे दार बंद होते सातला. ते दोन तास उशिरा, निदान नऊपर्यंत, उघडे राहील असे पाहावे. वाचक आहेत, दार उघडे हवे.